औषधांचे दुष्परिणाम आणि वैद्यकाचा विद्यार्थी

"औषध मानवलें नाहीं" हें वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आलें आहे. तापावर गोळी घेतली, ताप उतरला, पण दुसऱ्या दिवशीं अंगभर पुरळ उठलें. सांधेदुखीसाठीं कांहीं घेतलें आणि पोटांत आग पडली. खोकल्याचें औषध सुरू झालें आणि आजोबा दिवसभर पेंगूं लागले. घरांतील वडीलधारी बाई म्हणते, "उष्ण पडलें असेल, ताक द्या." गोळ्यांची पट्टी कपाटाच्या कोपऱ्यांत जाते, औषध बदलतें किंवा डॉक्टर बदलतो, आणि प्रकरण तेथेंच मिटतें. त्या घरापुरतें तें मिटतें हें खरें. परंतु तीच गोळी त्याच आठवड्यांत नाशिकास, सोलापुरास, बेळगांवास आणखी कोणाला मानवली नसेल, तर या साऱ्या तक्रारी एका ठिकाणीं येऊन पडल्यावांचून कोणालाच कांहीं उमजणार नाहीं. अशीं विखुरलेलीं वाक्यें गोळा करून त्यांतून अर्थ काढणें हें आतां एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. त्यास फार्माकोव्हिजिलन्स असें जडजंबाल नांव आहे. मराठींत औषधांवरील पहारा म्हटलें तरी पुरे.

या पहाऱ्यावरचा पहिला शिपाई कोण, असें विचारलें तर उत्तर थोडें चमत्कारिक येतें. मोठ्या सरकारी रुग्णालयांत सकाळचा राउंड निघतो तेव्हां प्रोफेसर एका खाटेपाशीं फार तर तीनचार मिनिटें थांबतात. रजिस्ट्रारच्या अंगावर सारा वॉर्ड असतो. परिचारिकेच्या हातांत इंजेक्शनांचा ट्रे आणि डोळे घड्याळाकडे. एकट्या विद्यार्थ्याला मात्र रोग्याची साद्यंत हकीकत लिहून काढावयाची असते, कारण परीक्षेंत तीच विचारली जाते. तो स्टूल ओढून अर्धा अर्धा तास बसतो. रोग्याची बायको त्याला दादा म्हणते. आणि "हें नवें इंजेक्शन चालू झाल्यापासून यांना ऐकूं कमी येतें" असें जें मोठ्या साहेबांपुढें बोलावयास ती बिचकते, तें याच्यापाशीं सहज बोलून जाते. तें ऐकून हा पोरगा काय करतो, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, बाजारांत येणारें औषध तपासूनच येतें ना? तपासूनच येतें, पण तपासणीची मर्यादा गणिताची आहे. नवें औषध विक्रीस येण्यापूर्वीं बहुधा कांहीं शें, फार तर कांहीं हजार माणसांना दिलेलें असतें. तीनशें माणसांना औषध दिलें आणि एकालाहि अमुक अपाय झाला नाहीं, तर तो अपाय होतच नाहीं असें ठरत नाहीं. तो शंभरांत एकापर्यंत असूं शकेल, एवढेंच ठरतें. दहा हजारांत एकाला होणारा अपाय एकदां तरी दृष्टीस पडावा अशी शेंकडा ९५ खात्री हवी असेल, तर तीस हजार माणसांवर नजर ठेवावी लागते. क्लोरँफेनिकॉल हें औषध १९४९ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें, आणि विषमज्वरानें खचलेल्या घरांना तें देवासारखें वाटलें. त्यानें पंचवीस ते चाळीस हजारांत एखाद्याच्या हाडांतील मगज रक्त तयार करण्याचें थांबवितो, ही गोष्ट पहिल्या प्रयोगांत दिसणें शक्यच नव्हतें. शिवाय प्रयोगासाठीं निवडलेलीं माणसें बहुधा एकाच दुखण्याचीं, बेताच्या वयाचीं, दुसरें औषध न घेणारीं असतात. गरोदर बाई, तान्हें मूल, मूत्रपिंडें थकलेलें वृद्ध माणूस, मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर शेजारणीनें सांगितलेला काढाहि घेणारी गृहिणी, हीं सारीं औषधाला भेटतात तीं तें दुकानांत आल्यावर. म्हणजे खरी परीक्षा विक्रीनंतरच सुरू होते, आणि तिचा परीक्षक वॉर्डांत व दवाखान्यांत उभा असतो.

हें शहाणपण जगाला महागांत पडलें आहे. एडिंबरोच्या सिम्प्सननें १८४७ च्या नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्मचा उपयोग जाहीर केला. शस्त्रक्रियेंतल्या वेदना गेल्या म्हणून लोक आनंदित झाले होते. त्यानंतर तीन महिनेहि झाले नव्हते. २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यांत हॅना ग्रीनर नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचें पायाच्या बोटाचें नख काढावयाचें होतें. मुलगी घाबरलेली होती, रडत होती. क्लोरोफॉर्म हुंगविल्यावर थोडक्याच मिनिटांत ती दगावली. नखासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठीं धडधाकट मुलगी गेली, यानें सारा देश हादरला, आणि क्लोरोफॉर्म मारतो तो हृदय थांबवून कीं श्वास थांबवून, हा वाद सुरू झाला. तो साठ वर्षें चालला.

या वादाचें एक प्रकरण दक्षिण हिंदुस्थानांत घडलें, आणि तें विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें फार बोधक आहे. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे मुख्य एडवर्ड लॉरी हे क्लोरोफॉर्मचे कट्टे अभिमानी. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांची ताकीद अशी कीं, रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवा; नाडीकडे पाहण्याचें कारण नाहीं; श्वास ठीक तर सर्व ठीक. निजामाच्या आश्रयानें १८८८ सालीं त्यांनीं एक क्लोरोफॉर्म कमिशन भरविलें. त्याचे निष्कर्ष विलायतेंत कोणी मानीनात, तेव्हां निजामानें एक हजार पौंड देऊन 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राला आपला तज्ज्ञ पाठविण्याची विनंति केली. त्याप्रमाणें १८८९ सालीं लॉडर ब्रंटन हे प्रसिद्ध औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले. कुत्रीं, माकडें इत्यादि शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले आणि निर्णय लॉरींच्या बाजूनें लागला: श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून.

प्रयोग प्रामाणिक होते. कष्ट अफाट होते. तरीहि इकडे इस्पितळांत हृदय एकाएकीं थांबून माणसें मरतच होतीं, आणि तशा हकीकती छापून येतच होत्या. अखेर १९११ सालीं गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरनें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची गुंगी उथळ असतां हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरत राहतें व क्षणांत बंद पडतें. भ्यालेल्या, झटापट करणाऱ्या रोग्यास हा धोका अधिक. रडणाऱ्या हॅनाच्या मृत्यूचा उलगडा पुष्कळांच्या मतें येथें झाला, जरी त्याविषयीं अजून मतभेद आहेत. हैदराबादच्या प्रयोगशाळेंत जनावरांना गुंगी खोल दिली जात असल्यामुळें हें दिसलें नाहीं. नाडी पाहूं नका असें शिकविलेल्या विद्यार्थ्याला नाडी बंद पडलेली कशी दिसावी? लॉरी हे कांहीं सामान्य माणूस नव्हते. पण गुरूची खात्री जितकी मोठी तितकी शिष्याची नजर आखूड, असें वैद्यकांत अनेकदां घडलें आहे व घडतें.

यापुढील मोठी घटना बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक आहे. थॅलिडोमाइड हें झोपेचें औषध पश्चिम जर्मनींत १९५७ सालीं विक्रीस आलें. गरोदरपणांतल्या मळमळीवर तें निर्धास्तपणें दिलें जाई. १९६१ सालीं जर्मनींत लेन्झ यांनीं व ऑस्ट्रेलियांत मॅकब्राइड यांनीं, हात किंवा पाय नसलेलीं मुलें जन्मतात त्यांच्या मातांनीं हेंच औषध घेतलेलें असतें, असें निदर्शनास आणलें. तोंवर जगांत सुमारें दहा हजार मुलें अशीं जन्मलीं होतीं. त्या धक्क्यानंतर ब्रिटननें १९६४ सालीं पिवळ्या कार्डाची पद्धत काढली: डॉक्टरला संशय आला कीं त्यानें कार्ड भरून टपालांत टाकावयाचें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६८ सालीं दहा देशांचें मिळून असेंच काम आरंभिलें. १९७८ पासून त्याचें केंद्र स्वीडनमधील उप्साला येथें आहे. आज दीडशेंहून अधिक देशांतून तेथें माहिती जाते, आणि साठलेल्या नोंदी कोट्यवधि आहेत. अमुक औषध आणि अमुक विकार हीं दोन नांवें अपेक्षेपेक्षां अधिक वेळां एकत्र येऊं लागलीं कीं तेथील गणकयंत्रें तिकडे बोट दाखवितात.

परंतु कार्ड छापल्यानें कार्ड भरलें जातेंच असें नाहीं. प्रॅक्टोलॉल हें हृदयविकारावरचें औषध ब्रिटनमध्यें १९७० सालीं आलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या डोळ्यांतलें पाणी आटूं लागलें, डोळे कोरडे पडून बुबुळावर व्रण झाले, कांहींची दृष्टि गेली. कांहींना चमत्कारिक पुरळ उठलें, कांहींच्या पोटांतील पडदा जाड होऊन आंतडीं आवळलीं गेलीं. असे रोगी देशभर असतां पिवळीं कार्डें जवळजवळ येतच नव्हतीं. हृदयाचा डॉक्टर डोळ्याविषयीं विचारीत नव्हता, आणि डोळ्याचा डॉक्टर हृदयाच्या गोळ्यांविषयीं. शेवटीं लंडनच्या एका नेत्रचिकित्सकानें, पीटर राइट यांनीं, आपल्याकडे येणाऱ्या कोरड्या डोळ्यांच्या रोग्यांत हा समान दुवा हेरला. १९७५ सालीं त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आणि मग कार्डांचा पाऊस पडला. तें सर्व पाहिलेलें होतें, लिहिलेलें नव्हतें. त्याच वर्षीं गोळ्या बाजारांतून उठल्या.

भारतांत या कामाची घडी उशिरां बसली. २००४ सालच्या राष्ट्रीय योजनेंत दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय हीं दोन विभागीय केंद्रें होतीं. ती योजना फार काळ टिकली नाहीं. २०१० सालीं नव्यानें आरंभ झाला, आणि २०११ पासून गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन हें राष्ट्रीय केंद्र झालें. देशांतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचीं उपकेंद्रें आहेत. बहुधा औषधशास्त्र विभागांत एखादी खोली, एक टेबल आणि एक उत्साही तरुण कर्मचारी. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला विचारलें तर ती खोली कोठें आहे हें त्यास सांगतां येईलच असें नाहीं.

या संबंधांत भारतांतील निरनिराळ्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या पाहण्या पुष्कळ झाल्या आहेत. आंकडे ठिकठिकाणचे निराळे, पण चित्र बहुधा सारखेंच. व्याख्या येते. दुष्परिणाम कळविणें हें कर्तव्य आहे असें बहुतेक सर्व म्हणतात. पत्रक कधीं भरलें काय, असें विचारलें कीं मात्र हात खालीं जातात. कित्येकांनीं तें पाहिलेलेंहि नसतें. यांत विद्यार्थ्याचा दोष थोडा आणि शिकविण्याच्या रीतीचा अधिक. एथँब्युटॉल या क्षयावरच्या औषधाचा दुष्परिणाम सांगा, असा प्रश्न परीक्षेंत आला तर दुसऱ्या वर्षाचा कोणताहि विद्यार्थी सांगेल कीं, तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद कळेनासा होतो. तोच विद्यार्थी पुढें वॉर्डांत येतो. क्षयाची एक रोगी बाई त्याला म्हणते, "हल्लीं बांगडी हिरवी कीं लाल तें चटकन्‌ उमगत नाहीं." तो केसपेपरवर लिहितो, "दृष्टि मंद, नेत्रविभागाकडे पाठवावें." पुस्तकांतलें वाक्य आणि बाईचें वाक्य हीं एकच आहेत, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं, कारण पुस्तकांतलें वाक्य औषधाच्या नांवानें सुरू होतें आणि बाईचें बांगडीनें.

तें ध्यानांत यावयास फार मोठी विद्या लागते असें नव्हे. कांहीं साधे प्रश्न विचारण्याची संवय लागते. त्रास औषधापूर्वीं होता कीं नंतर सुरू झाला? नंतर असेल तर किती दिवसांनीं? औषध थांबविल्यावर तो ओसरला काय? तेंच पुन्हां दिलें गेलें असेल तर परत उद्भवला काय? मुद्दाम पुन्हां देऊन पाहणें बहुधा धोक्याचें, पण चुकून तसें घडलेलें असतें. मूळ रोगानें किंवा दुसऱ्या एखाद्या औषधानें हें झालें असूं शकेल काय? या उत्तरांवरून संबंध निश्चित, बहुतांशीं संभाव्य, शक्य किंवा असंभाव्य असा ठरवितात. मात्र तें ठरविणें हें केंद्राचें काम आहे. विद्यार्थ्यानें किंवा डॉक्टरनें खात्री पटेपर्यंत वाट पाहावयाची नाहीं. संशय आला कीं कळवावयाचें. पत्रकाच्या नांवांतच 'संशयित' हा शब्द आहे. चार गोष्टी असल्या म्हणजे तें ग्राह्य होतें: रोग्याची ओळख पटण्यापुरतीं आद्याक्षरें किंवा वय, झालेला त्रास, संशयित औषध आणि कळविणाराचें नांव. रोग्याची माहिती गुप्त राहते. पत्रक भरणें म्हणजे डॉक्टरची, कंपनीची किंवा औषधाची चूक कबूल करणें नव्हे, असें त्यावर छापलेलेंच असतें.

तें छापावें लागलें यावरूनच भय कोठें आहे तें दिसतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत निरनिराळ्या देशांतले ३७ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हां घडलेल्या दुष्परिणामांपैकीं न कळविलेल्यांचें मधलें प्रमाण शेंकडा ९४ निघालें. पिवळ्या कार्डाच्या कामांत हयात घालविलेल्या बिल इनमन यांनीं न कळविण्याच्या कारणांना सात महापातकांची उपमा दिली होती. बाजारांतलें औषध सुरक्षितच असणार ही निश्चिन्तता, कोर्टकचेरीचें भय, आपल्या हातून रोग्याला अपाय झाला ही टोंचणी, स्वतःच लेख लिहूं ही महत्त्वाकांक्षा, कसें कळवावें याचें अज्ञान, नुसत्या संशयावर काय लिहावें हा संकोच, आणि शेवटीं निव्वळ आळस. भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतींत यांत आणखी एकाची भर घालावी लागेल. औषध प्रोफेसरांनीं लिहिलेलें असतें. पोरवयाच्या विद्यार्थ्यानें साऱ्या राउंडपुढें "सर, हें यामुळें तर नसेल?" असें म्हणावयाचें, हें सोपें नाहीं. ज्या युनिटांत असा प्रश्न हंसण्यावारी नेला जातो, तेथें तो दुसऱ्यांदां कोणी विचारीत नाहीं.

आणि प्रश्न विचारला न जाण्याची किंमत महाराष्ट्रानें पाहिली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत मेंदूवरचा किंवा डोळ्यांतला दाब उतरविण्यासाठीं दिल्या जाणाऱ्या ग्लिसरिननें १४ रोगी दगावले. त्या ग्लिसरिनांत डायएथिलिन ग्लायकॉल हें कारखान्यांत वापरावयाचें विष मिसळलेलें होतें, आणि त्यानें मूत्रपिंडें निकामी होतात. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी आयोगानें औषधखरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतची सारी अनास्था उघड्यावर आणली. तेंच विष १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फानिलमाइडच्या पातळ औषधांतून शंभराहून अधिक बळी घेऊन गेलें होतें. आणि २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाड्याच्या बाजूस खोकल्याच्या औषधांतून तेंच पुन्हां आलें. वीसहून अधिक बालकें गेलीं. त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. काटेकोरपणें बोलावयाचें तर याला दुष्परिणाम म्हणतां येत नाहीं. ही भेसळ आहे. पण खाटेपाशीं उभ्या असलेल्या माणसाला आरंभीं हा भेद दिसत नाहीं. त्याला एवढेंच दिसतें कीं, साध्या खोकल्याच्या मुलाची लघवी बंद झाली आहे, कालहि असेंच एक मूल आलें होतें, आणि दोघांच्या आयांच्या पिशवींत एकाच नांवाची बाटली आहे. ती बाटली पाहावयास मागणारा कोणी हवा. एका दिवसाच्या उशिरानें येथें आणखी एक घर बुडतें.

२०१९ सालापासून भारतीय वैद्यकीय अभ्यासक्रमांत दुष्परिणाम ओळखणें व कळविणें हें नुसतें वाचावयाचें प्रकरण न राहतां हातानें करून दाखवावयाचें कौशल्य म्हणून घातलें गेलें आहे. पाऊल योग्य आहे. भीति एवढीच कीं, एक कल्पित रोगी, एक कल्पित पुरळ आणि जर्नलमध्यें चिकटविलेलें एक सुबक भरलेलें पत्रक, इतक्यावर त्याची बोळवण होईल. खरा लाभ व्हावयाचा तर विद्यार्थ्यानें आपल्या वॉर्डांतील खरा रोगी निवडून, उपकेंद्राच्या त्या खोलींत स्वतः जाऊन पत्रक द्यावें, आणि त्याचें पुढें काय झालें तें त्याला कोणी तरी कळवावें. पाठविलेल्या कागदाला उत्तर आलें नाहीं तर दुसरा कागद कोणी पाठवीत नाहीं. हें पोस्टमनालाहि ठाऊक आहे.

घरच्या माणसांनाहि या कामांत जागा आहे. रोग्यानें किंवा त्याच्या आप्तांनीं भरावयाचें वेगळें पत्रक आहे व तें मराठींतहि मिळतें. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनि करूनहि कळवितां येतें. मात्र तेथें औषधाचा बॅच नंबर विचारतात, आणि घरोघरीं अडतें तें येथेंच. दुकानदार दहाच्या पट्टींतून चार गोळ्या कापून देतो. नंबर छापलेला तुकडा बहुधा त्याच्याकडेच राहतो. अशा वेळीं पक्की पावती मागून घ्यावी, कारण तिच्यावर तो नंबर लिहिलेला असतो, आणि औषध संपेपर्यंत ती पट्टीसह जपून ठेवावी. त्रास झालाच तर ताक खुशाल द्यावें. पण उरलेल्या गोळ्या, पावती आणि त्रास सुरू झाल्याची तारीख हीं तिन्ही घेऊन डॉक्टरकडे जावें, आणि तेथें स्टुलावर बसून हकीकत लिहून घेणारा एखादा पोरगा असेल तर त्याच्या हातांत तीं आधीं द्यावीं.